काचेतला समुद्र आणि शेवाळाचा हिशेब

चऱ्होली बुद्रुक 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. तेव्हापासून गावाचे रूप पार पालटले आहे. ज्या शेतांत ज्वारी उभी असायची तेथे आता सात-सात, अकरा-अकरा मजली इमारती उभ्या आहेत. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या आपल्या अनेक समाजबांधवांनी कर्ज काढून येथे स्वतःची घरे घेतली. ज्यांचे आजोबा गावकुसाबाहेर राहिले, त्यांची नातवंडे आज लिफ्टने घरी जातात. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. नवे घर झाले की दिवाणखान्यात तथागतांची मूर्ती येते, बाबासाहेबांचा फोटो येतो, पुस्तकांचे कपाट येते आणि अलीकडे बऱ्याच घरांत माशांची काचेची टाकीही येते.

गोड्या पाण्यातील गोल्डफिश, गप्पी, मॉली हे मासे आपल्याला जुने परिचित आहेत. परंतु हल्ली मुलांचा हट्ट वेगळाच असतो. त्यांना हवा असतो केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला समुद्रातला क्लाउनफिश. 2003 साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने हा मासा घराघरांत पोहोचवला. त्यामुळे खाऱ्या पाण्याची टाकी बसवावी काय, बसवली तर महिन्याभरात ती तपकिरी, मग हिरवी का होते आणि तिच्यात नेमके कोणते मासे सोडावेत, असे प्रश्न माता-भगिनी आणि तरुण मित्र वारंवार विचारतात. प्रश्न वरवर छंदाचा वाटतो. पण त्यात कुटुंबाचा पैसा आहे, टंचाईचे पाणी आहे आणि मुक्या जिवांचे प्राणही आहेत. म्हणून कुटुंबाच्या पानावर त्याचा सविस्तर विचार करणे आवश्यक वाटते.

मिठाचे पाणी म्हणजे समुद्र नव्हे

चऱ्होलीपासून समुद्र घाटाखाली, शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथून पाणी आणणे सामान्य माणसाला शक्य नाही. मग काहीजण नळाच्या पाण्यात स्वयंपाकाचे मीठ कालवतात. हे कदापि करू नये. समुद्राच्या पाण्यात केवळ मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि इतर अनेक क्षार त्यात ठराविक प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यटाकीचे तयार समुद्री मीठ मिळते, तेच वापरावे लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. घनता मोजण्याच्या साध्या साधनावर हे पाणी 1.024 ते 1.026 दाखवते.

आता हिशेब करू. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 190 लिटर पाणी मावते. वाळू आणि दगड टाकले की प्रत्यक्ष पाणी राहते साधारण 150 लिटर. म्हणजे पहिल्याच भरणीला साडेपाच ते सहा किलो मीठ लागते. पुढे दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे 15 लिटर पाणी बदलायचे म्हटले तर वर्षाला 28 ते 30 किलो मीठ लागेल. टाकी, पाणी, वाळू, दगड यांचे मिळून वजन 200 किलोच्या वर जाते, तेव्हा टीव्हीच्या स्टूलवर ती ठेवता येणार नाही.

मीठ जितके महत्त्वाचे तितकेच ते ज्या पाण्यात कालवायचे ते पाणीही महत्त्वाचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. बोअरच्या व टँकरच्या पाण्यात क्षार, नायट्रेट, सिलिकेट काहीही असू शकते. शेवाळाचे पहिले बी या पाण्यातच असते, असे म्हटले तरी चालेल. म्हणून आरओ यंत्रातून गाळलेले आणि शक्यतो त्यापुढे डीआय गाळणीतून काढलेले पाणी वापरतात. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते, हेही येथे लक्षात ठेवावे. ते बाहेर टाकलेले पाणी मोरीत सोडू नये. फरशी पुसायला आणि संडासात वापरायला ते उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते तेव्हा मीठ उडून जात नाही, ते टाकीतच राहते. तेव्हा रोजची घट भरून काढताना खारे पाणी घालायचे नाही, बिनमिठाचे शुद्ध पाणी घालायचे. मीठ फक्त बदललेल्या पाण्यात कालवायचे. हा नियम चुकला की पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होते आणि मासे त्रासतात.

पहिले पाच-सहा आठवडे टाकी रिकामीच

दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणण्याची पद्धत पडली आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत हे माशांच्या जिवावर बेतते. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे त्या मानाने सौम्य असते. हे उपयोगी जिवाणू दगडांच्या छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात. परंतु ती वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

त्यामुळे पाणी, दगड, वाळू, पंप सर्व सुरू करून टाकीत माशाविना खाद्याची चिमूट टाकावी आणि थांबावे. चाचणी संचाने दर तीन-चार दिवसांनी पाणी तपासावे. अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. त्यामागून नायट्राइट चढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी जीव सांभाळायला तयार झाली असे समजावे. या काळात टाकीचा दिवा बंदच ठेवावा. पाहायला आत कोणी नाही आणि उजेड मिळाला तर लाभ फक्त शेवाळाचाच होतो.

मुलांना पाच-सहा आठवडे रिकामी टाकी दाखवणे अवघड असते, हे खरे. पण मुलांच्या हातात चाचणीची नळी आणि एक वही द्यावी. तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा चार रकाने आखून आकडे लिहायला सांगावेत. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू काम करीत आहेत हे आकड्यांवरून कळणे, हे विज्ञानाचे उत्तम शिक्षण आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्या किती मुलांना हे मिळते?

शेवाळ कोठून येते?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. टाकी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर चढतो. हे डायटम होत. नव्या वाळूतून आणि पाण्यातून आलेल्या सिलिकेटवर ते वाढतात. हा थर पाहून घाबरून जाण्याचे कारण नाही. सिलिकेट संपले की बहुतेक वेळा तो आपोआप ओसरतो.

त्यानंतर काचेवर हिरवा पापुद्रा येतो आणि मग दगडांवर हिरवे केस लोंबू लागतात. हे मात्र आपोआप जात नाहीत. काही टाक्यांत लाल-जांभळा, बुळबुळीत चादरीसारखा थर येतो. लोक त्याला लाल शेवाळ म्हणतात, पण ते खरे शेवाळ नाही. ते सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. पाणी जेथे साचून राहते आणि घाण बसते तेथे ते पसरतात.

मी कारकून आहे, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. मला कोणतीही गोष्ट जमाखर्चाच्या वहीत मांडली की चटकन समजते. टाकीचीही एक वही असते. जमेच्या बाजूला आपण रोज टाकतो ते खाद्य, नळाच्या पाण्यातून येणारे नायट्रेट आणि फॉस्फेट, मेलेला मासा, कुजलेला कचरा. खर्चाच्या बाजूला बदललेले पाणी, गाळणीत अडकून आपण धुऊन काढलेला गाळ, हाताने उपटलेले शेवाळ. जमा जास्त आणि खर्च कमी असेल तर शिल्लक वाढत जाते. ती शिल्लक म्हणजेच शेवाळ. वही न पाहता शेवाळावर औषध ओतणे म्हणजे तोटा का आला हे न तपासता ताळेबंदावर पांढरी शाई फासण्यासारखे आहे.

तथागतांनी दुःखाचा विचार करताना प्रथम दुःख ओळखले, मग त्याचे कारण शोधले, कारण नाहीसे केले तर दुःख नाहीसे होते हे दाखवले आणि मग त्याचा मार्ग सांगितला. प्रत्येक गोष्ट कारणांमुळे उत्पन्न होते, कारण गेले की कार्य जाते. या विचाराची प्रचीती काचेच्या टाकीतही येते. शेवाळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. रोग आहे तो साचलेल्या अन्नद्रव्यांचा.

इंद्रायणीचीही तीच कथा

हे समजण्यासाठी दूर जायला नको. चऱ्होलीच्या कडेने वाहणारी इंद्रायणी पाहावी. लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावून, देहू, मोशी, चऱ्होली, आळंदी करीत ही नदी तुळापूरला भीमेस मिळते. वाटेत तिच्यात गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. सांडपाण्यात तेच नायट्रोजन, तेच फॉस्फेट असते. म्हणून नदीवर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. दरवर्षी यंत्रे लावून जलपर्णी काढली जाते आणि ती पुन्हा येते, कारण जमेची बाजू तशीच चालू राहते.

आळंदीला नदीवर पांढरा फेस तरंगतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. खाऱ्या टाकीतही फेस असतो, पण वेगळ्या कामाचा. प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडते. त्या बुडबुड्यांना विरघळलेली घाण चिकटते, तिचा फेस होऊन वरच्या पेल्यात जमा होतो आणि आपण तो पेला धुऊन टाकतो. यंत्रातला फेस घाण बाहेर काढतो, नदीवरचा फेस घाण आत असल्याची साक्ष देतो. घरातल्या 150 लिटर पाण्याचा हिशेब जो मुलगा शिकेल, तो उद्या नदीच्या प्रश्नावर महापालिकेच्या सभेत नेमका प्रश्न विचारू शकेल. कार्यकर्ता म्हणून मला या छंदाचे हे मोल अधिक वाटते.

उपाय कोणत्या क्रमाने करावेत

पहिला उपाय म्हणजे हात आवरणे. मासा भुकेला दिसतो म्हणून घरातला प्रत्येकजण येता-जाता खाद्य टाकतो. आजी टाकते, नातू टाकतो, पाहुणा आला की तोही टाकतो. घरात खाद्य घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे. दोन मिनिटांत मासे संपवतील एवढेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे. गोठवलेले खाद्य असेल तर ते चाळणीत धुऊन, त्याचे पाणी टाकून द्यावे, कारण त्या पाण्यातही फॉस्फेट असते.

दुसरा उपाय उजेडाचा. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा जास्त लावू नये. त्यासाठी वेळ लावून बंद-चालू होणारे बटण मिळते. टाकी खिडकीसमोर, उन्हात ठेवू नये.

तिसरा उपाय पाणी बदलण्याचा. आठवड्याला दहा टक्के, आणि ते बदलताना वाळूवरचा गाळ नळीने ओढून घ्यावा. चौथा उपाय हातांचा. हिरवे केस बोटांनी किंवा दात घासायच्या नव्या ब्रशने उपटून लगेच बाहेर काढावेत. टाकीतच तरंगत सोडले तर कुजून पुन्हा जमेच्या बाजूला जातात. पाचवा उपाय पाण्याच्या प्रवाहाचा. पंपाचे तोंड फिरवून कोपऱ्यांत पाणी हलते ठेवले की लाल चादर धरत नाही.

सहावा उपाय मला विशेष आवडतो. टाकीला जोडून एका वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचे, गुंतवळासारखे दिसणारे समुद्री शेवाळ मुद्दाम वाढवतात. तेच नायट्रेट आणि फॉस्फेट खाते. वाढले की मूठभर कापून टाकायचे. म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास दुसऱ्या शेवाळाला द्यायचा आणि कापणी आपण करायची. एवढे करूनही फॉस्फेट चढेच राहिले तर ते शोषून घेणारी लोहयुक्त दाणेदार पूड गाळणीत ठेवतात.

शेवाळनाशक औषधे मात्र शेवटपर्यंत टाळावीत. त्यांतील काहींत तांबे असते आणि तांब्याने शंख, कोळंबी, खेकडे मरतात. शिवाय सगळे शेवाळ एकदम मेले की ते कुजून पाण्यातला प्राणवायू कमी करते आणि अमोनिया वाढवते. त्यात मासेही जातात.

एक सूचना उलट बाजूचीही. काही उत्साही लोक नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणतात. तेही योग्य नाही. साफ उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुडेदार चिकटा माजण्याचा धोका असतो आणि तो घालवणे अधिक कठीण. नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या आत आणि फॉस्फेट 0.1 च्या आत, पण शून्य नाही, एवढे राखले की पुरे. हा मध्यम मार्गच म्हणायचा.

आत कोणाला घ्यावे?

टाकी तयार झाल्यावर सर्वांत आधी शेवाळ खाणारे शंख आणावेत. ट्रोकस, नेराइट, सेरिथ या जातींचे समुद्री शंख उत्तम. 150 लिटरच्या टाकीला सुरुवातीस आठ-दहा पुरेत. दुकानदार पन्नास घ्या म्हणेल, ते घेऊ नयेत. शेवाळ संपले की ते उपाशी मरतात आणि त्यांचे कुजणे पुन्हा शेवाळालाच खाऊ घालते. आपल्या कामासाठी आणलेल्या जिवाला काम संपल्यावर उपाशी ठेवणे हे आपल्याला शोभणारे नाही. आपल्या समाजाने असा व्यवहार पिढ्यानपिढ्या सोसला आहे. काच स्वच्छ झाली तर वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा तुकडा त्यांच्यासाठी टाकीत लावावा.

मासे एकदम सगळे आणू नयेत. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने एक-एक, म्हणजे जिवाणूंची वस्तीही त्या प्रमाणात वाढते. शांत मासे आधी, दांडगट शेवटी हा क्रम ठेवावा, नाहीतर आधी आलेला दांडगट टाकीचा मालक होऊन बसतो. वरील आकाराच्या टाकीत चार-पाच लहान मासे ही मर्यादा समजावी. एक गोबी, एक फायरफिश आणि शेवटी क्लाउनफिशची जोडी, एवढ्यात टाकी शोभते. फायरफिश उडी मारतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवे. क्लाउनफिशला समुद्रफूल लागतेच असे नाही, त्याविना तो चांगला जगतो. त्याच्या जोडीची गंमत अशी की सर्व पिल्ले आधी नर असतात आणि पुढे जोडीतला मोठा व वरचढ मासा मादी होतो.

आता कोणाला घेऊ नये ते पाहू. त्याच चित्रपटातला निळा सर्जनफिश जवळजवळ एक फुटापर्यंत वाढतो. त्याला तीन फुटांची टाकी म्हणजे तुरुंग आहे. शेवाळ खातो म्हणून तो खपवला जातो, त्याला भुलू नये. रंगीबेरंगी मँडरिन मासा बारीक जिवंत कीटकांवरच जगतो आणि नव्या टाकीत ते नसतात. इतर माशांचे अंग साफ करणारा क्लीनर रास घरच्या टाकीत बहुधा उपासमारीने मरतो. डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट असतात, पण पुढे इतरांना जगू देत नाहीत.

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या लहान टाकीत ठेवून मगच मोठ्या टाकीत सोडावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तो रोग सर्व टाकीत पसरतो. औषध वेगळ्या टाकीतच द्यावे, मोठ्या टाकीत नव्हे.

कायदा आणि समुद्राची लूट

वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या अनुसूचींत 2001 साली समुद्री घोडे, प्रवाळ, समुद्री पंखे, मोठे शिंपले, समुद्री काकड्या अशा अनेक जिवांचा समावेश झाला. त्यांना समुद्रातून काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. आपल्या सिंधुदुर्गात मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि तेथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेव्हा दुकानदाराने प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्री घोडा पुढे केला तर नाही म्हणावे. ‘जिवंत दगड’ म्हणून विकले जाणारे समुद्रातले दगडही घेऊ नयेत. कोरडे दगड किंवा भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे जिवाणूंना तितकेच चालतात.

फिलिपाइन्समध्ये 1960 च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही प्रवाळांत सोडियम सायनाइड फवारून मासे बेशुद्ध करून पकडण्याचा प्रकार चालत आला. त्यात प्रवाळ मरतात आणि पकडलेला मासाही पुष्कळदा पुढे काही दिवसांत दगावतो. म्हणून मासा घेताना एकच प्रश्न विचारावा: हा समुद्रातून पकडलेला आहे की टाकीत जन्मलेला? क्लाउनफिश टाकीत वाढवण्याचे तंत्र आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. आपल्या राज्यातही नवी मुंबईत ऐरोली येथे मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात अशा माशांची पैदास होते. टाकीत जन्मलेला मासा तयार खाद्य लवकर खातो आणि अधिक टिकतो. म्हणजे नीतीचा आणि व्यवहाराचा सल्ला येथे एकच आहे.

धम्म काय सांगतो?

विहारात रविवारच्या वंदनेनंतर एका तरुणाने मला विचारले, “काका, कंपनीतलं कंत्राट संपलंय. माशांच्या टाक्यांचा धंदा करू म्हणतो. पण आपण पंचशील घेतो, मग हे चालेल का?” हा प्रश्न त्याला पडला याचाच मला आनंद झाला.

अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. यांपैकी प्राण्यांच्या व्यापाराचा अर्थ अट्ठकथेने माणसांची विक्री असा केला आहे. तरीही पहिले शील आपल्यासमोर आहेच. मी त्याला म्हटले, “बाळा, जीव विकून त्याच्या मरण्यावर नफा उभा राहत असेल, म्हणजे मासा मेला की गिऱ्हाईक पुन्हा येईल असा हिशेब असेल, तर तो धंदा तुझ्या शीलात बसत नाही. पण मासा जगावा म्हणून जे काम करावे लागते, त्यात तुझे पोट भरू शकते.”

टाक्यांची देखभाल, पाण्याची चाचणी, शुद्ध पाण्याचा पुरवठा, लाकडी स्टँड बनवणे ही सर्व कामे अशी आहेत. चऱ्होली, मोशी, दिघी, वाघोली या पट्ट्यात नव्या इमारती पुष्कळ आहेत. पैदास करायची असेल तर 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत माशांच्या प्रकल्पासाठी अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. चालू नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारावेत, मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. आपल्यासाठी असलेल्या तरतुदी माहितीअभावी वाया जातात, हे दुःख आपण किती वर्षे पाहायचे?

घरात निर्णय घेताना

शेवटी पुन्हा वहीकडे येऊ. विजेचा अंदाज घ्यावा. समजा 50 वॅटचा दिवा आठ तास आणि मिळून 30 वॅटचे पंप व स्किमर चोवीस तास चालले, तर दिवसाला साधारण एक ते सव्वा युनिट आणि महिन्याला 35 युनिटच्या आसपास वीज लागेल. पाणी 25 ते 27 अंश सेल्सिअस राहावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पंखा लावावा लागतो किंवा पाणी थंड करणारे यंत्र, आणि ते यंत्र वीज बरीच खाते. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. म्हणजे आज दुसरीत असलेल्या मुलीच्या हट्टाची जबाबदारी ती बारावीला जाईपर्यंत सांभाळायची आहे. सुट्टीत गावी गेल्यावर टाकी कोण पाहणार, हेही आधी ठरवावे.

पाण्याचा विचार तर आपण करायलाच हवा. ज्या समाजाला पाण्याच्या हक्कासाठी 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागे महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, त्या समाजाने पाणी उधळू नये. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना देशाच्या जलनीतीचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. ज्या इमारतीत बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसतात, तेथे आपल्या टाकीसाठी आरओचे पाणी मोरीत वाहू देणे अयोग्य होय.

पैसा, पाणी, वेळ यांचा मेळ बसत नसेल तर तसे मुलांना स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही. गोड्या पाण्याची लहान टाकी कमी खर्चात, कमी पाण्यात तोच आनंद आणि तेच शिक्षण देते. अमोनियाचे चक्र तेथेही तेच, शेवाळाची वहीही तीच. आणि मेळ बसत असेल, तर टाकी आणण्याच्या दिवशी मासे आणू नका. आधी वही आणा, तिच्यात चार रकाने आखा आणि पहिली तारीख घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून लिहून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!